खानदानी खांदा

माझ्या लेकीचा खांदा जागचा निसटतो ती खोट तिच्या आजोळची आहे, आमच्या घराण्यात असलं काही नाही, असं मी भरल्या बैठकीत बेलभंडार उचलून, देवाच्या शपथेवर सांगितलं. ते खोटं होतं. चुकून बोललो नाही, गैरसमजातून बोललो नाही. आपण खोटं बोलतो आहोत हे मला बोलतानाच ठाऊक होतं. ज्यांच्या माथी मी ते मारत होतो ती माणसं तिथून पुष्कळ लांब, घाटनांदुराकडे आपल्या शेतात राबत असतील आणि त्यांना याचा पत्ताही नसेल, हेही मला ठाऊक होतं.

हे लिहून ठेवतो आहे ते मुख्यतः नातवंडांसाठी. त्यांच्यातल्या कुणाचा ना कुणाचा खांदा निसटणार. तेव्हा त्यांनी घाबरू नये, आणि मी केलं ते करू नये.

आमच्या निजामी मुलखात कचेरीची भाषा उर्दू. त्यामुळे खेड्यातल्या माणसाच्या बोलण्यातही ते शब्द मुरलेले. खानदान हा शब्द मी लहानपणी ऐकला तो आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या खांद्याच्या गोष्टीत. गोष्ट सांगून झाली की ऐकणारा कुणीतरी म्हणायचा, ‘‘खानदानी माणूस बाबा!’’ त्यामुळे बरीच वर्षं माझी अशी समजूत होती की खांदा आणि खानदान हे शब्द एकाच घरातले आहेत. ज्या घराच्या खांद्याची गोष्ट सांगितली जाते ते खानदान. समजूत वेडी होती. पण आमच्या घरापुरती ती फारशी चूकही नव्हती.

गोष्ट अशी होती. आबा तरुणपणी कपिलधारच्या यात्रेहून बैलगाडीनं परतत होते. गाडीत बायामाणसं. घाटात चोरांनी गाडी अडवली. आबांनी जुवातली लाकडी खुंटी, शिवळ, उपसली आणि उजव्या हातानं असा वार केला की एक चोर दरीत गेला, पण त्या झटक्यात आबांचा खांदा जो निखळला तो कायमचा अधू झाला. गावात पोळ्याला मारुतीपुढून पहिली जोडी आमची जायची, ती या गोष्टीच्या जोरावर. चोर किती होते याचा आकडा दरसाल वाढायचा. शेवटी शेवटी त्यांच्यात एक घोडेस्वारही आला होता. मी मोठा झाल्यावर ही गोष्ट आबांपेक्षा मीच रंगवून सांगू लागलो. घोडेस्वार माझा.

आमच्या घरातले पुरुष पागोटं गुडघ्यावर बांधायचे. बाकीचे लोक दोन्ही हात डोक्यावर नेऊन पीळ घालतात. आमच्याकडे गुडघ्यावर गुंडाळून, मान खाली घालून त्यात डोकं घालायचं. अंगरखा घालताना आधी उजवी बाही, मग डावी, काढताना उलट. मचाणावरचं काही काढायचं तर घरातला बाप्या बायकोला हाक मारायचा. लोक म्हणायचे, त्या घराची रीतच वेगळी, पुरुष स्वतः हात उचलत नाहीत. आम्हीही त्याला रीत म्हणत होतो. रीत नव्हती ती. तीन पिढ्या खांदा सांभाळत होत्या.

मला हे कळलं ते एका खांदेमळणीला. पोळ्याच्या आदल्या दिवशी सांजेला बैलांचे खांदे ऊन पाण्यानं शेकतात, हळद आणि लोणी लावून चोळतात. वर्षभर ज्यावर जू ठेवलं त्या जागेची ती सेवा. चोळून झालं की बैलाच्या कानाशी म्हणायचं, ‘‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.’’ मी तेव्हा विशीत पाऊल टाकलं होतं. आबांनी घुंगुरमाळा खुंटीला अडकवायला हात वर केला आणि ‘आई गं’ करून गोठ्यातच खाली बसले. खांद्याचा गोल उतार जाऊन तिथं कोपरा आला होता. मी धावत सुटणार तेवढ्यात त्यांनी डाव्या हातानं माझं धोतर धरलं.

‘‘कुठं निघाला बे?’’

‘‘हाडवैद्याला आणतो.’’

‘‘गप बस. दार लाव. गाडीवर चढीव मला.’’

मी त्यांना बैलगाडीच्या साट्यावर, म्हणजे बसायच्या फळ्यांवर, पालथं निजवलं. उजवा हात कडेवरून खाली लोंबता सोडला. त्यांनी सांगितलं तसं मनगटाला फडकं बांधून त्याला पाण्याची कळशी अडकवली. ‘‘ओढायचं न्हाई,’’ ते गाडीच्या फळीत तोंड घालून म्हणाले. ‘‘ओढलं की मास आखडतंय. कळशी तिच्या वजनानं ओढती. आपण वाट बघायची.’’ आम्ही वाट बघितली. बैल रवंथ करत होते. थोड्या वेळानं पाणी कळशीत जरा हललं आणि खांद्यातून बारीक आवाज आला, पेटीचं झाकण बसावं तसा. आबा उठून बसले.

‘‘आबा, चोरांशी लढताना गेलेला खांदा अजून निखळतो?’’ मी विचारलं.

ते हसले. कधी हसायचे नाहीत, पण तेव्हा हसले. ‘‘कसले चोर घेऊन बसलास लेका. पैरण काढताना निसटलता. माझ्या बापाचाबी असाच निसटायचा. लोक त्याला लुळा म्हणायचे, हसायचे. माझा निसटला तवा मी चोर आणले.’’ मग लोण्याचा हात माझ्यापुढे करून म्हणाले, ‘‘घे, जरा चोळ. बैलाचं झालं, आता माझं.’’

कुणाला सांगू नको, असं त्यांनी म्हटलंच नाही. म्हणायची गरज नव्हती.

दोनेक वर्षांत माझा स्वतःचा निसटला. कडब्याच्या गंजीवरून पेंढी खाली ओढताना. मी गंजीआड बसून राहिलो. मग उठून गाडीवर गेलो, आबांनी शिकवलं तसं केलं आणि घरी सांगितलं, बैलानं ढुशी दिली. आबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि ताटावर मान घातली. ते गेले तेव्हाही त्या गोष्टीबद्दल आमच्यात शब्द झाला नव्हता.

माझी बायको घाटनांदुराकडची. तिच्या माहेरचे लोक अंगानं काटक. तिचा भाऊ दोन मणांचं पोतं पाठीवर घेऊन चढ चढतो. आमची लेक रांगायला लागली तेव्हापासून तिची हाडं लवचीक. हाताचा अंगठा मागे वाकवून मनगटाला टेकवायची आणि आळीतल्या बायांची हसून हसून पुरेवाट व्हायची. एकदा बायको सहज म्हणाली, ‘‘अवो, तुमचाबी अंगठा असाच वळतो की.’’ मी हात पंच्यात घेतला. तिला त्यात काही वाटलं नसेल. मला मात्र त्या क्षणी कळलं होतं की पोरीत काय उतरलं आहे. कळून मी काय केलं? काही नाही. तिला जड उचलू देऊ नको, एवढंही बायकोला बोललो नाही. बोललो तर ती विचारणार, कावून?

लेकीचं लग्न पाटोद्याजवळच्या एका चांगल्या घरात झालं. इवाही म्हणजे तिचा सासरा, तोंडाचा फटकळ पण सरळ माणूस. बैलांचा मोठा पारखी. पाटोद्याच्या बाजारात त्यानं बैलाच्या खांद्यावरून हात फिरवला की विकणारा घाम पुसायचा. लग्नानंतर दुसऱ्या उन्हाळ्यात लेकीनं विहिरीवर घागरीवर घागर चढवायला हात उचलला आणि खांदा निसटला. घागरी फुटल्या. ती तिथंच पायरीवर बसली. सासूला आधी वाटलं सोंग आहे. मग तिचा खांदा बघून सगळे घाबरले आणि त्यांनी हाडवैद्य आणला. त्यानं बगलेत टाच रोवून हात ओढला. दोघांनी तिला धरलं होतं. एका ओढीत बसला नाही, पुन्हा ओढला. तिचं ओरडणं वेशीपर्यंत गेलं असं मागून आम्हाला कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून तिच्या खांद्याच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी जागा बधिर आहे. तिथं चिमटा काढला तरी तिला कळत नाही.

पावसाच्या आधी तो परत निसटला. पुन्हा तोच हाडवैद्य, तीच टाच. त्यानंतर इवाही स्वतः गाडीत घालून तिला आमच्याकडे घेऊन आला आणि म्हणाला, बैठक बसवा.

बैठक आमच्याच ओसरीवर बसली. गावातले चार जाणते, इवाही, त्याचा धाकटा भाऊ आणि मी. बायको आणि लेक आतल्या दाराशी. इवाह्यानं चहा घेतला नाही.

‘‘पाव्हणं,’’ तो म्हणाला, ‘‘बैल घेताना मी दात बघतो, खूर बघतो, खांदा बघतो. सून आणताना खांदा बघायचा राहिला, ही चूक माझी. पर खाण कंची हाय ते मला सांगा. खाण तशी माती. ह्यो रोग तुमच्या खानदानात हाय का?’’

‘‘तुमच्या आबांचा खांदा अधू होता की,’’ इवाह्याचा भाऊ मधेच म्हणाला. ‘‘सगळ्या तालुक्याला ठावं हाय.’’

आता सांगतो मी त्या वेळी काय विचार करत होतो. माझ्या मुलाची सोयरीक ठरत आली होती. मोठं घर होतं. आमच्यात खांद्याची खोट आहे असं त्या ओसरीवरून बाहेर पडलं असतं तर ती मोडली असती. आणि दुसरं असं की चोरांची गोष्ट मेली असती. सगळं गाव हसलं असतं, आबांच्या बापाला हसलं होतं तसं. ही दोन कारणं मी मोजून सांगतो खरा, पण त्यातलं कोणतं मोठं होतं हे विचारलं तर मला खाली बघावं लागेल.

मी चोरांची गोष्ट सांगितली. घाट, शिवळ, दरी, घोडेस्वार, सगळं. ‘‘आबांचा खांदा चोरांशी लढताना मोडला,’’ मी म्हणालो. ‘‘तो जखमेचा होता, रक्तातला नव्हे. आमच्यात असलं काही न्हाई. पोरीच्या आजोळचं असंल.’’

दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

इवाही मांडी बदलून पुढे सरकला. मग म्हणाला, ‘‘बेलभंडार उचलाल?’’

देवळातून बेलाचं पान आणि भंडारा आणला. बेलभंडार उचलायचा म्हणजे ती देवाची हळद आणि बेल हातात घेऊन हात कपाळाच्या वर न्यायचा. मी हात वर नेला. पूर्ण वर नेला असता तर निसटण्याची भीती होती, म्हणून कोपर बरगडीला घट्ट चिकटवून, मानच पुढे वाकवून, कपाळ हाताशी आणलं. लोकांना वाटलं मी देवापुढे नम्र झालो. तशा अवस्थेत मी शपथ घेतली.

‘‘मग तर लई अवघड,’’ इवाही उठत म्हणाला. ‘‘आईकडची खोट लेकीच्या पोटी हमखास उतरती. मला इचार करावा लागंल. तवर पोरगी हितंच राहू द्या.’’ ओसरीच्या पायरीवर त्याचा भाऊ हसत म्हणाला, ‘‘पोराला दुसरी बघावी लागंल, दुसरं काय.’’ ते माझ्या लेकीनं ऐकलं.

म्हणजे इतकं करून माझ्या लेकीचं काहीच वाचलं नाही. मी खोटं बोलून वाचवलं ते फक्त आबांचे चोर आणि मुलाची सोयरीक.

बायकोनं त्या दिवशी रोजचंच केलं. वाढलं, घेतलं, भांडी घासली. फक्त पुढे कधी मचाणावरचं काही काढायला मी हाक मारली की यायची नाही. ‘‘काढा की तुमीच,’’ म्हणायची. मला काढता यायचं नाही आणि का येत नाही ते सांगताही यायचं नाही.

अशा गोष्टीला पाय फुटतात. पावसाळ्याच्या मध्यावर तिचा भाऊ आला. खांद्यावर घोंगडी, पाय चिखलात. माझा मेहुणा वयानं माझ्याहून लहान, पण कधी जास्त बोलणारा नव्हे. त्यानं पाय धुतले नाहीत. अंगणातच उभा राहिला.

‘‘दाजी, माझ्या थोरलीला बघून गेलते ते लोक परत गेले,’’ तो म्हणाला. ‘‘म्हणले, तुमच्यात खांद्याची खोट हाय. मी म्हणलो, कोण म्हणतं? म्हणले, तुमच्या जावयानं बेलभंडार उचलून सांगितलंया. मी त्येंला म्हणलो, आमचे दाजी असं बोलायचे न्हाईत, तुमी दुसऱ्या कुणाचं ऐकलं असंल.’’

मी दावणीची दोरी सारखी करू लागलो.

‘‘दाजी, आमच्यात कुणाचा खांदा निसटला तेवढं एक माणूस दाखवा. बापाचा, चुलत्याचा, कुणाचाबी. म्या आईलाबी इचारलं.’’

‘‘आता कोण सांगणार बाबा, जुनं काही असंल,’’ मी म्हणालो. इतकंच बोललो. ते बेलभंडारापेक्षा वाईट होतं, कारण तो समोर उभा होता.

बायकोनं त्याला भाकरी बांधून दिली. तो ती न घेताच गेला. ती भाकरी हातात घेऊन ती दारात कितीतरी वेळ उभी होती.

मग खांदेमळणी आली. त्या वर्षी लेक घरीच होती. मी बैलांचे खांदे चोळत होतो, ती आईला पुरणाची डाळ निवडून देत होती. उतरंडीवरचं मडकं काढायला तिनं हात उचलला असेल. मडकं फुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तिचा. मी हळदीच्या हातानंच आत गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती, डाव्या हातानं उजवा हात पोटाशी धरून. मला बघून तिनं पहिलं वाक्य हे म्हटलं: ‘‘दादा, हाडवैद्याला बोलवू नका. तुमच्या पाया पडते. असाच राहू द्या.’’

बायको मुलाला हाक मारायला निघाली होती, हाडवैद्याकडे धाडायला. मी तिला म्हणालो, ‘‘थांब.’’

मी लेकीला धरून गोठ्यात नेलं. गाडीच्या साट्यावर गोधडी टाकली आणि तिला पालथं निजवलं. तिचा हात कडेवरून सोडला, मनगटाला फडकं बांधलं, कळशी अडकवली. डाव्या हातानं तिनं फळी घट्ट धरली होती. ‘‘ओढणार न्हाई,’’ मी तिला सांगत होतो, ‘‘कुणी ओढणार न्हाई बाळा. श्वास सोड. आपण वाट बघू.’’ बैल आमच्याकडे बघत होते, त्यांचे खांदे अर्धे चोळलेले. थोडा वेळ गेला. मग तिच्या खांद्यातून तो बारीक आवाज आला.

ती उठली नाही. फळीत तोंड खुपसून म्हणाली, ‘‘दुखलं न्हाई.’’ आणि मग रडायला लागली. खांदा निसटल्यावर रडली नव्हती.

बायको गोठ्याच्या दारात उभी होती.

‘‘हे तुमाला ठावं होतं,’’ ती म्हणाली.

मी होय म्हणालो.

‘‘कवापासून?’’

‘‘आबांनी शिकवलं. त्यांचाबी असाच निसटायचा. माझाबी निसटतो.’’

‘‘ते मला कळलं,’’ ती म्हणाली. ‘‘बेलभंडार उचलताना तुमचं कोपर कुठं होतं ते म्या बघितलंय. पर त्याचं न्हाई इचारत मी. पोरगी दोनदा टाचेखाली वरडली. तुमाला हे ठावं होतं आन् तुमी सांगितलं न्हाई?’’

 लोकांसमोरचं खोटं माणूस कधीतरी निस्तरू शकतो. पण कळशी आणि फडकं या दोन घरातल्या वस्तू, आणि त्यांचा उपाय मी माझ्या लेकीला दिला नाही, कारण दिला असता तर मला तो कुठून ठाऊक झाला हे सांगावं लागलं असतं. मी लेकीला म्हणालो, ‘‘माझी चूक झाली. मला माफ कर.’’  तिच्या बधिर जागेवर मी हात ठेवला होता. तिला तो कळलाही नसेल.

बायकोचीही मी माफी मागितली. ती म्हणाली, ‘‘मला नगं. जिथं नाव बुडवलं तिथं जाऊन मागा.’’

बैलांचे उरलेले खांदे तिनं चोळले. मला तिनं हात लावू दिला नाही.

पोळा झाल्यावर मी आधी इवाह्याकडे गेलो. त्याच्या गोठ्यातच त्याला सगळं सांगितलं. चोर नव्हते, हेही सांगितलं. तो बैलाच्या पाठीवर हात फिरवत ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘‘घोडेस्वारबी नव्हता?’’

‘‘नव्हता.’’

‘‘मला तवाच वाटलं, घाटात घोडा कुठून आला.’’ मग बैलाकडे बोट करून म्हणाला, ‘‘बैल इकायला आला असतात तर तुमाला बाजारात उभं राहू दिलं नसतं मी पाव्हणं. खोट असलेला बैल इकला जातो, खोट लपवणारा मालक परत उभा राहात न्हाई.’’ मी मान खाली घातली. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जावई तिथंच वैरण कापत होता. आतापर्यंत तो कुठल्याच बैठकीत बोलला नव्हता. मी निघालो तेव्हा वेशीपर्यंत आला आणि म्हणाला, ‘‘मामा, ते कळशीचं मला दावा.’’ मी त्याच्याच गाडीवर स्वतः पालथा पडून, हात लोंबता सोडून त्याला दाखवलं. कुठं बांधायचं, किती पाणी, कधी हात लावायचा नाही. रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघत होते. पुढच्या आठवड्यात तो येऊन लेकीला घेऊन गेला. इवाह्यानं दिलगिरी म्हणून नाही आणि मोठेपणा म्हणूनही नाही, एवढाच निरोप पाठवला: पाण्याच्या घागरी घरातली थोरली सून आणील.

मुलाची सोयरीक मोडली. मोडणारच होती. मुलगा काही दिवस माझ्याशी बोलत नव्हता. तोही पागोटं गुडघ्यावरच बांधतो. त्याचा खांदा कधी निसटलेला नाही. ते त्यानं रक्तातून घेतलं की नुसतं बघून, मला सांगता येत नाही. मागे एकदा बीडच्या सरकारी दवाखान्यात गेलो होतो दुसऱ्याच दुखण्यासाठी, तेव्हा तिथल्या डॉक्टरानं माझा अंगठा मागे वळवून बघितला आणि विचारलं, ‘‘खानदान में और किसका है?’’ मी सांगितलं, बापाचा, आजाचा, लेकीचा. इतकं सोपं होतं ते सांगणं.

पण हे सगळं नंतरचं. इवाह्याकडून परतल्यावर मी घाटनांदुराकडे निघालो. बायको बरोबर येते म्हणाली. वाटेत ती गाडीत तोंड फिरवून बसली होती. मेहुण्याच्या अंगणात आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या भावकीतले लोक जमले होते. बायकोनं आधीच निरोप धाडला होता, ते मला तिथं गेल्यावर कळलं. जिच्यासाठी आलेले लोक परत गेले होते ती त्याची थोरली लेक दाराशी उभी होती. मेहुण्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला. जावई आला की करतात तसं. मी तो घेतला नाही.

आमच्यात बहिणीचा नवरा मेहुण्याच्या पाया पडत नाही. तो पडू लागला तर मेहुणा मागे सरतो. त्याला पाप लागतं म्हणतात. तोही मागे सरला. ‘‘दाजी, काय करता!’’

माफी मागताना पागोटं काढून पायावर ठेवायचं. मला दोन्ही हात वर नेऊन ते काढता येत नव्हतं. इतके दिवस मी हे लोकांसमोर कधी केलं नव्हतं. मी तिथं सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसलो, मान खाली घातली आणि डाव्या हातानं पागोटं पुढं ओढून घेतलं, आबा काढायचे तसं. कुणीतरी हसलं. मेहुण्यानं त्याच्याकडे बघितल्यावर तो गप्प झाला. बायको ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती, आणि आता ती माझ्याकडे बघत होती.

पागोटं मी मेहुण्याच्या पायावर ठेवलं. मग त्याच्या लेकीकडे वळलो आणि तिच्याही पुढं हात जोडले. मी पाठ करून आलो होतो ते काही आठवलं नाही. मी एवढंच म्हणालो, ‘‘तुमच्यात खोट न्हाई. ती माझ्या बापात होती, माझ्यात हाय, माझ्या लेकीत हाय. मी खोटा बेलभंडार उचलला आन् तुमचं नाव बुडवलं. तुमी मला माफ करा, न्हाईतर नका करू. पर ही गोष्ट जिथंजिथं गेली तिथंतिथं मी जाऊन सांगीन. मी चुकलो.’’